तिला कमी मार्क, तरी तिचा नंबर कसा लागला?

सिद्धेश्वरहून आम्ही बोलतोय. पूर्णेवरच्या धरणाचं आमचं गाव, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. मागच्या वेळी आपण गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते बोललो होतो आणि पुढच्या वेळी हळदीचा विषय घेऊ असं ठरलं होतं. हळद जरा थांबू द्या. मधल्या काळात आमच्या एका गटात जे झालं, ते आधी बोलावं असं वाटलं. कारण हे तुमच्याही गटात होईल, कदाचित झालंही असेल.

मंगळवारची बैठक होती. हजेरी झाली, बचत जमा झाली आणि कर्जमागणीचा विषय निघाला. वेशीजवळच्या काकूंनी ४० हजार मागितले. लेकीचा फार्मसीला नंबर लागला होता, पण खाजगी कॉलेजात, आणि फी भरायला आठच दिवस उरले होते. कर्ज कशासाठी हे आपण वहीत लिहितोच, म्हणून सचिवानं सहज विचारलं, "काकू, सरकारी कॉलेज नाही मिळालं का?" झालं. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. समोर कॅनॉलकडच्या ताई बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून काकू म्हणाल्या, "माझ्या पोरीला अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल. हिच्या पोरीला एकाहत्तर. तरी सरकारी कॉलेज हिच्या पोरीला, अन् मी कर्ज काढायचं. बाई, तुझ्या लेकरावर माझा राग नाही. पण माझ्या लेकराचं काय चुकलं, एवढं कुणीतरी सांगा."

ताईंच्या मुलीचा उजवा हात आणि उजवा पाय जन्मापासून कमजोर आहे. प्रमाणपत्र ५२ टक्क्यांचं आहे. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घातलं आणि हजेरीवर सही न करता निघून गेल्या.

आम्ही तिथंच होतो. खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर देता आलं नाही. बी.ए.पर्यंत शिकलोय, अपंगांसाठी कायदा आहे हे माहीत होतं. पण काकूंनी कायदा आहे का, असं विचारलंच नव्हतं. हे बरोबर आहे का, असं विचारलं होतं. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही जमेल तिथून माहिती घेतली, वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातलं जे कळलं ते आज सांगतो.

आधी कायद्यात काय आहे ते पाहू. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधी १९९५ चा कायदा होता, त्यात सातच प्रकारचं अपंगत्व धरलं जायचं. नव्या कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आहेत, लिहिण्यावाचण्यात अडचण येणारी मुलं आहेत, ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या बायाही आहेत. ज्यांचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्यासाठी सरकारी आणि सरकारी अनुदानावरच्या कॉलेजात कमीत कमी पाच टक्के जागा ठेवायच्या आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट द्यायची, असं कलम ३२ सांगतं. जुन्या कायद्यात तीन टक्के होत्या. कॉलेजं हे पाळत नव्हती, म्हणून दिव्यांगांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की या पाच टक्के जागा भराव्याच लागतील.

हे झालं जागांचं. मार्कांची सूट वेगळी. आपल्या राज्यात इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या प्रवेशाला खुल्या गटातल्या मुलाला बारावीच्या ठरलेल्या विषयांत ४५ टक्के लागतात, दिव्यांग मुलाला ४० टक्के. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत खुल्या गटाला ५० पर्सेंटाइलची अट आहे, खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५ ची. म्हणजे खालची पायरी थोडी खाली केलेली आहे, काढून टाकलेली नाही. त्या पायरीवर आलेल्यांची दिव्यांगांमध्ये आपापसात यादी लागते आणि तिथं ज्याला जास्त मार्क त्याचा आधी नंबर. ताईंच्या पोरीच्या मागंही कुणीतरी दिव्यांग लेकरू राहिलंच असेल, ज्याचा नंबर हुकला. त्याच्या आईचं कुणी ऐकलं नाही, एवढाच फरक.

आता काकूंचा हिशेब. हिच्या पोरीनं माझ्या पोरीची जागा घेतली, असं त्यांना वाटत होतं. आपल्याला गटात हिशेब कळतो, तर हाही करून बघू. ६० जागांची तुकडी धरा. पाच टक्के म्हणजे तीन जागा. या तीन जागा बाजूला काढलेला वेगळा वाफा नसतो. हळदीच्या रानात उभे वाफे असतात आणि पाण्याचा पाट त्यांना आडवा जातो, तसं हे आरक्षण आडवं आहे. खुला, ओबीसी, एससी, एसटी हे उभे वाफे, आणि दिव्यांगांचा पाट या सगळ्यांतून आडवा. जो मुलगा ज्या प्रवर्गातला, तो दिव्यांग म्हणून आला तरी त्याच प्रवर्गात मोजला जातो. मेडिकलला तर असं आहे की दिव्यांग उमेदवार मिळाला नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, त्या-त्या प्रवर्गाकडे परत जाते.

मग ताईंच्या पोरीची जागा मोकळी झाली असती तर ती काकूंच्या पोरीला मिळाली असती का? आम्ही काकूंच्या पोरीला सोबत घेऊन मोबाईलवर यादी उघडली आणि बोटानं मोजत गेलो. शेवटचा नंबर लागलेल्या मुलीत आणि तिच्यात अकरा जण होते. एक जागा मोकळी झाली असती तर त्या अकरातल्या पहिल्याला मिळाली असती. पोरगीच हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझा नंबर तसाही नव्हताच." काकू तिथं नव्हत्या, पोरीनंच घरी जाऊन सांगितलं.

पण मैत्रिणींनो, इथं थांबलो तर आपण काकूंच्या प्रश्नाला बगल दिली असं होईल. कारण त्या अकरातल्या पहिल्या नंबरवालीलाही आई आहे. तिची जागा तर खरंच गेली. तिला काय सांगायचं?

त्यासाठी मार्क म्हणजे काय, याचा विचार करावा लागतो. एकाहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी हे आकडे आपण असे बघतो की जणू दोन पोती एकाच काट्यावर ठेवली. पण ताईंची पोरगी परीक्षा कशी द्यायची? तिचा उजवा हात चालत नाही, म्हणून ती डाव्या हातानं लिहायला शिकली. डावा हात कागदावर, पण कागद धरायला दुसरा हात नाही. मग ती वहीवर पट्टी आणि डबा ठेवायची, वही हलू नये म्हणून. दहावीला तिचे प्रत्येक पेपरात शेवटचे एक-दोन प्रश्न सुटले. येत होते, वेळ पुरला नाही. नियम काय आहे माहिती आहे? केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे दिव्यांग मुलाला लेखनिक घेता येतो आणि दर तासाला कमीत कमी २० मिनिटं जास्त मिळतात. तीन तासांचा पेपर असेल तर एक तास जास्त. दहावी-बारावीच्या बोर्डातही लेखनिक आणि जादा वेळ दोन्ही मिळतं. ताईंच्या पोरीला दहावीला यातलं काहीच मिळालं नाही. शाळेनं फॉर्म भरताना तो रकाना मोकळा सोडला आणि घरी कुणाला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. त्याच गावात राहतो आम्ही, दर मंगळवारी ताईंना भेटतो. पण पोरीची परीक्षा कशी आहे, असं कधी विचारलं नाही. ही आमची चूक, ती इथं सांगायला पाहिजे.

अकरावीला ती तालुक्याला गेली. तिथं प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. एका हातानं कठडा धरून चढायची, खाली उतरेपर्यंत पुढचा तास सुरू झालेला असायचा. शिकवणी लावायची तर एसटीच्या गर्दीत उभं राहता येत नाही, म्हणून लावली नाही. या सगळ्यातून एकाहत्तर आले. तर ते एकाहत्तर काय मोजतात? तिला फार्मसी किती कळेल ते, का तिला जिना किती चढता आला ते? दोन्ही मिसळलेलं आहे. सूट दिली जाते ती या मिसळीतला दुसरा भाग थोडाफार वजा करण्यासाठी.

असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. लिहिण्याची अडचण असलेल्या एका मुलीला नीट परीक्षेत एक तास जास्त मिळायला हवा होता. केंद्रावरच्यांनी दिला नाही, बाकीच्यांबरोबर पेपर काढून घेतला. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीला गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं मान्य केलं की तिच्यावर अन्याय झाला, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तो दुरुस्त करायचा मार्ग शोधायला सांगितलं, पण तिच्या एकटीसाठी पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितली नाही. म्हणजे बघा, गेलेला तास न्यायालयालाही परत आणता येत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यायालयानं आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. हाताला पेटके येऊन लिहिता येत नाही अशा एका उमेदवारानं लेखनिक मागितला होता, आणि त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांत बसत नव्हतं. न्यायालय म्हणालं, टक्के कमी असले तरी लिहायची अडचण खरी असेल तर लेखनिक द्यावा लागेल. आपल्या गावात ३० टक्के, ३५ टक्के लिहिलेली प्रमाणपत्रं पेटीत पडून असतात, काही उपयोग नाही म्हणून. ती बाहेर काढा.

आता दुसरी शंका. ही काकूंनी नाही, गटाच्या अध्यक्षांनी काढली. त्या म्हणाल्या, "फार्मसी ठीक आहे. पण डॉक्टर? कमी मार्कांवर झालेल्या डॉक्टरकडं तुम्ही तुमचं बाळंतपण कराल का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्या हिंगोलीत २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, १०० जागांचं. उद्या तिथून शिकून बाहेर पडणारी मुलं आपल्यालाच तपासणार आहेत.

तर सूट मिळते ती आत जाताना. आत गेल्यावर पेपर तोच, पास व्हायचे मार्क तेच. अपंग आहे म्हणून एमबीबीएसची परीक्षा कमी मार्कांत पास करत नाहीत. आपण बायांना हे लवकर कळायला हवं, कारण आपल्या चळवळीतही हाच नियम आहे. बचत गट करायचा तर दहा जणी लागतात ना? पण दिव्यांगांचा गट असेल तर पाच जण चालतात, आणि त्यात पुरुषही घेता येतात. ही सूट का? एका वस्तीत दहा दिव्यांग मिळणं अवघड म्हणून. पण त्या पाचांच्या गटाला बचत माफ आहे का? हप्ता माफ आहे का? वही न लिहिता चालतं का? पंचसूत्री सगळ्यांना एकच. पाचांच्या गटाचं कर्ज थकलं तर बँक काय म्हणते, ते आपल्याला ठाऊक आहे. आम्ही अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, हे कळलं. गट करताना सूट, फेडताना नाही."

न्यायालयानंही जवळजवळ हीच रेघ ओढली आहे. चंदीगडच्या सरकारी कला महाविद्यालयात चित्रकलेच्या पदविकेला एका बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलानं अर्ज केला. तिथं कल-चाचणी होती, पास व्हायला ४० टक्के लागायचे. एससी-एसटीच्या मुलांना ३५. चाचणीच माफ करा, असं त्याचं म्हणणं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, चाचणी माफ होणार नाही. पण दिव्यांग माणूसही समाजात मागं राहिलेलाच असतो, म्हणून एससी-एसटीला जी ३५ टक्क्यांची सूट आहे ती दिव्यांगांनाही पुढं मिळाली पाहिजे. सूट द्या, माफी नको. आम्हाला हा निकाल फार पटला. दया केली असती तर चाचणीच काढून टाकली असती.

डॉक्टरकीचं म्हणाल तर तिथं बऱ्याच मुलांची अडचण मार्कांची नव्हतीच. मार्क होते, पण टक्केवारी बघून दारातच परत पाठवायचे. ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या मुलाचं बोलण्या-भाषेचं अपंगत्व ४४-४५ टक्के होतं. नियम असा विचित्र की ४० च्या खाली असलं तर दिव्यांगांच्या जागेवर हक्क नाही, आणि या प्रकारात ४० च्या वर गेलं तर मेडिकललाच अपात्र. म्हणजे इकडून नाही आणि तिकडूनही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांचं मंडळ नेमून त्याला तपासायला लावलं. मंडळ म्हणालं, याला एमबीबीएस शिकायला काही अडचण नाही. प्रवेश मिळाला. पुढं ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं कारणं लिहिली, की नुसता टक्क्याचा आकडा बघून कुणाला बाद करायचं नाही, त्या मुलाला ते शिक्षण झेपतं का हे तपासायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक निकाल आला. मेडिकलला जायचं तर दोन्ही हात धडधाकट पाहिजेत, अशी अट होती, तीसुद्धा न्यायालयानं चुकीची ठरवली.

आणि हे आजचंच नाही. मुंबईचे डॉक्टर सुरेश अडवाणी, कॅन्सरचे मोठे डॉक्टर, यांना आठव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. मेडिकलचा प्रवेश त्यांना आधी नाकारलाच होता. सरकारकडे दाद मागून त्यांनी तो मिळवला. पुढं आपल्या देशात अस्थिमज्जा बदलण्याचा उपचार त्यांनी पहिल्यांदा यशस्वी केला. २००२ ला पद्मश्री, २०१२ ला पद्मभूषण. त्या वेळी नियम आडवा आला तसाच राहिला असता, तर किती कॅन्सरचे रोगी उपचाराविना राहिले असते, याचा हिशेब कुठल्याच वहीत मिळणार नाही. (तरी आम्हाला एक वाटतं. दर वेळी असं एखादं मोठं नाव घेऊन दिव्यांगांचा हक्क सिद्ध करायची गरज नसावी. ताईंच्या पोरीनं साधं मेडिकल दुकान काढलं तरी पुरे. धडधाकट पोरांकडून आपण पद्मश्री मागतो का?)

आता या व्यवस्थेत खोट कुठं आहे, तेही सांगतो. नाहीतर काकू म्हणतील, तुम्ही एकाच बाजूनं बोलता.

पहिली खोट अशी की टक्के शरीराचे मोजतात, परिस्थितीचे नाही. शहरात गाडीनं शाळेत जाणारा, घरी दोन शिक्षक येणारा ४२ टक्क्यांचा मुलगा आणि कॅनॉलच्या कडेनं पाय ओढत जाणारी आमची पोरगी, दोघं एकाच यादीत. त्यात तो मुलगा पुढं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि काकूंची पोरगी? तिचे हातपाय धड आहेत, पण बाप हंगामात ऊसतोडीला जातो, धाकट्या भावंडांचं तीच बघते. तिच्या अडचणीला कुठलं प्रमाणपत्र नाही. काकूंचा राग इथून आला आहे आणि तो राग खोटा नाही. पण या रागाचं उत्तर ताईंच्या पोरीच्या त्या एका जागेत नाही. सरकारी फार्मसीच्या जागा थोड्या आणि खाजगी कॉलेजाची फी एवढी, ते खरं दुखणं आहे. ६० तल्या ५७ जागांचं भांडण आपण करत नाही, तीन जागांवर मात्र आपला डोळा पटकन जातो.

दुसरी खोट बनावट प्रमाणपत्रांची. २०२४ साली आपल्याच राज्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या कागदांवरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. लोकसेवा आयोगानं त्यांची उमेदवारी रद्द केली, प्रकरण कोर्टात गेलं. त्यानंतर गावागावांत लोक म्हणायला लागले, सगळीच सर्टिफिकेटं तसली. ताईंनाही एकानं तोंडावर विचारलं, किती पैसे दिले म्हणून. खोटं बोलून दिव्यांगांचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलम ९१ मध्ये आहे. खोट्यानं घेतलेली जागा खऱ्या दिव्यांगाच्या पाच टक्क्यांतून जाते, हे लक्षात ठेवा. त्याची सर्वांत जास्त चीड ताईंना यायला पाहिजे, आणि आहेही.

तिसरी गोष्ट खोट म्हणावी की काय, पण आमचं मत असं आहे. मार्कांची सूट शेवटी मिळते, अठराव्या वर्षी. त्याआधीची बारा वर्षं कुणी बघत नाही. सहा ते अठरा वर्षांपर्यंत ४० टक्क्यांवरच्या लेकराला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही याच कायद्यात. पहिलीपासून वर्ग खाली असता, वेळेवर लेखनिक मिळाला असता, तर ताईंच्या पोरीला कदाचित या सुटीची गरजच पडली नसती. आयआयटीत एक चांगली पद्धत आहे. ज्या एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांचे मार्क कमी केलेल्या अटीलाही थोडे पुरत नाहीत, त्यांच्यातल्या काहींना एक वर्षाचा तयारीचा अभ्यासक्रम देतात. वर्षभर शिकवतात, परीक्षा घेतात, पास झालं की मग पहिल्या वर्षात घेतात. नुसतं दार उघडून मोकळे होत नाहीत. हे आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात का होऊ नये?

आता कामाचं थोडं, कारण रेडिओ बंद केला की तेच उपयोगी पडतं. तुमच्या गटात कुणाचं लेकरू दिव्यांग असेल तर प्रमाणपत्र बारावीची वाट न बघता काढा. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी होते, मोबाईलवर जमत नसेल तर सेतू केंद्रात करून देतात. मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि ओळखपत्र येतं. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, ४० ते ७९ ला पिवळं, ८० च्या वर निळं. लेखनिक आणि जादा वेळ हवा असेल तर परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून होत नाही, बोर्डाचा फॉर्म भरतानाच मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. आपण बँकेतली पावती जपतो तशी ती पोच जपा. आणि एक विनंती. हे काम त्या आईवर एकटीवर टाकू नका. तिला मजुरी बुडवून जिल्ह्याला खेटे घालावे लागतात, हात धरून लेकरू न्यावं लागतं. गटातल्या एकीनं सोबत जावं. आमच्या ग्रामसंघात आता तसा ठराव केला आहे, येण्याजाण्याच्या भाड्यासकट.

त्या दोघींचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच.

पुढच्या मंगळवारी ताई आल्या. आम्ही घरी गेलो होतो बोलवायला, तेव्हा येते म्हणाल्या नव्हत्या, पण आल्या. काकूंच्या कर्जाचा ठराव पुन्हा वाचला. ४० हजार एकदम देण्याइतके गटात नव्हते, २५ दिले आणि उरलेल्यासाठी ग्रामसंघाकडे मागणी लावली. हात वर करायची वेळ आली तेव्हा ताईंनी हात वर केला. काकूंनी बघितलं. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि अजूनही फारशा बोलत नाहीत. बसताना मध्ये दोन-तीन जणींचं अंतर असतं. तेवढं ते राहू द्यावं, असं आम्हाला वाटतं, जबरदस्तीनं हळदीकुंकू लावून उपयोग नाही.

दोन्ही पोरी आपापल्या कॉलेजात गेल्या. गेल्या आठवड्यात ताईंच्या पोरीचा फोन आला. वसतिगृहात तिला दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली आहे, लिफ्ट नाही, नळाचं पाणी खालून आणावं लागतं. तळमजल्यावर खोली रिकामी आहे, पण ती पाहुण्यांसाठी ठेवतात म्हणे. या मंगळवारी आम्ही प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहायला बसलो आहोत. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली आहे, कलम लिहिलं आहे, खाली गटाचा शिक्का मारायचा आहे. अर्ज काकूंच्या मुलीनं लिहून दिला, तिचं अक्षर चांगलं आहे.